गरम पाणी कुठे अडलं?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा कार्यक्रमात कोणी गाणं म्हणतं, कोणी पायाभरणीच्या आठवणी सांगतं. माझ्या वाट्याला गरम पाण्याचा विषय आलेला आहे. गच्चीवरच्या सोलर सिस्टिमची देखरेख गेली काही वर्षं कमिटीने माझ्याकडे दिली आहे, हे त्याचं कारण. मी इंजिनियर नाही. बी.कॉम. झालो आणि सगळी नोकरी बँकेत केली. पण बिघाड शोधायची जी काही पद्धत मला येते ती बँकेतच शिकलो, म्हणून आधी दोन मिनिटं तिथली गोष्ट सांगतो.

कॉम्प्युटर येण्यापूर्वी रोज संध्याकाळी हिशेब जुळवल्याशिवाय कोणी घरी जात नसे. समजा २७ रुपयांचा फरक आला. नवीन कारकून पहिल्या पानापासून बेरजा करायला बसायचा. जुना ऑफिसर आधी नुसता फरकाकडे बघायचा. ९ ने भाग जातो? मग बहुधा कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ८५ च्या जागी ५८. फरकाची निम्मी रक्कम दिवसाच्या नोंदींत सापडली? मग ती जमेऐवजी नावे पडली असणार. म्हणजे चूक कुठल्या जातीची आहे ते फरकच सांगतो, वह्या नंतर उघडायच्या. पाण्याचंही तसंच आहे. "सोलर बंद आहे" असा निरोप वॉचमनकडे येतो, त्यातून काहीच कळत नाही. पाणी अजिबात गरम नाही, की उशिरा येतं, की कोमट येतं? तुमच्याकडेच, की खालच्या-वरच्या घरांतही? सकाळीच, की दुपारीसुद्धा? एवढं कळलं तर निम्मं काम झालं. उत्तरं वेगळी असतात आणि बिघाडही वेगळे.

आता आपली सिस्टिम थोडक्यात. प्रत्येक विंगच्या गच्चीवर २००० लिटरची इन्सुलेटेड टाकी आहे आणि तिच्यासाठी २० पॅनेल. साधारण १०० लिटरला २ चौरस मीटरचं एक पॅनेल, हा नेहमीचा हिशेब. पॅनेलमधलं पाणी तापलं की एक छोटा पंप ते टाकीत ढकलतो आणि टाकीच्या तळाचं गार पाणी पॅनेलमध्ये जातं. हा पंप कधी चालवायचा ते कंट्रोलर ठरवतो. त्याचे दोन सेन्सर आहेत, एक पॅनेलच्या वरच्या टोकाला आणि एक टाकीच्या तळाशी. पॅनेल टाकीपेक्षा आठ-दहा अंशांनी गरम झालं की पंप सुरू, फरक तीन-चारवर आला की बंद. त्याखेरीज ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेचे हीटर आहेत, त्यांना थर्मोस्टॅट आणि टायमर. आणि टाकीतून खाली आलेली गरम पाण्याची लाइन परत वर जाते. तिच्यावर दुसरा एक पंप आहे, तो पहाटे लाइनीतलं पाणी फिरवत ठेवतो, म्हणजे तळमजल्याच्या नळालाही लगेच गरम पाणी यावं. त्यालाही टायमर. एवढंच आहे सगळं. यातलं पाणी तापवायचं काम ऊन बिनबोभाट करतं. आपल्याला त्रास देतात ते सेन्सर, टायमर, थर्मोस्टॅट आणि व्हॉल्व्ह, म्हणजे ज्यांनी हुकूम द्यायचा ते.

कंट्रोलरचं आधी उरकतो. भर दुपारी पॅनेलचा आकडा ७० आणि टाकीचा ४० दिसतो आहे आणि पंप गप्प आहे, तर पंपाकडे किंवा त्याला वीज देणाऱ्या रिलेकडे बघायचं. आकडाच वेडावाकडा आहे, उन्हात शून्य नाहीतर दोनशेच्या घरात, तर सेन्सरची वायर तुटली आहे. आपल्याकडे दोनदा खारीने कुरतडली होती. आणि पंप रात्री चालू दिसला तर ताबडतोब सांगा. रात्री पॅनेल गार असतात. दिवसभर तापवलेलं पाणी त्यांच्यातून फिरवणं म्हणजे बशीत ओतून चहा गार करणं. सकाळी सगळे म्हणतात सोलर तापत नाही, आणि सोलर बिचारं दिवसा नीट तापलेलं असतं.

टायमरचा किस्सा खजिनदारांना चांगला आठवत असेल. एका हिवाळ्यात कॉमन मीटरचं बिल एकदम वाढलं आणि त्याच महिन्यात "दोन बादल्या सोडल्याशिवाय गरम येत नाही" अशी ओरड सुरू झाली. लिफ्टवाल्याला बोलावून झालं, पार्किंगचे दिवे मोजून झाले. मी दोन तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्या. दोन बादल्यांनंतर का होईना, कडकडीत पाणी येतं आहे, म्हणजे टाकी गरम आहे आणि लाइन गार आहे. म्हणजे पाणी फिरवणारा पंप पहाटे चालत नाही. पंप तर ठणठणीत होता. मग टायमर बघितला. सकाळचे नऊ वाजले होते आणि टायमरच्या तबकडीवर पहाटेचे दोन. ती जुनी तबकडी विजेवर फिरते, आत बॅटरी नाही. वीज गेली की ती थांबते, आली की जिथे होती तिथून पुढे. थोडं थोडं करत सात तास मागे पडली होती. हीटरसाठी पहाटे ४ ची वेळ लावलेली, ती प्रत्यक्षात सकाळी ११ ला येत होती.

आता बिल का वाढलं ते बघा. पहाटे ४ ला टाकी आदल्या दिवशीच्या उन्हाने तापलेलीच असते. थर्मोस्टॅट म्हणतो गरज नाही, हीटर लागतच नाही. ११ वाजता मात्र सगळ्यांच्या आंघोळी उरकून टाकीत गार पाणी भरलेलं असतं. हीटर पूर्ण ताकदीने चालतात. तोवर डोक्यावर ऊन आलेलं, पण टाकी विजेनेच तापते आहे, मग कंट्रोलर पॅनेलचा पंप कशाला चालवेल? फुकटचं ऊन बाहेर उभं आणि आपण मीटर फिरवतोय. २००० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ८० युनिटच्या वर वीज लागते. सगळं पाणी काही हीटर तापवत नव्हते, पण रोज त्यातला काही हिस्सा धरला तरी महिन्याचं गणित खजिनदारांना मी सांगायला नको. आता बॅटरी असलेले डिजिटल टायमर बसवले आहेत. तरीही महिन्याच्या १ तारखेला वॉचमन आपल्या मोबाइलशी वेळ ताडून बघतो.

ज्या प्रकरणाने सोसायटीत सगळ्यात जास्त मनस्ताप झाला, ते कोमट पाण्याचं. एका विंगला सकाळी साडेसहा ते साडेआठ पाणी कोमट यायचं, वरच्या दोन मजल्यांना सगळ्यात जास्त. दुपारी मात्र उत्तम. सोलरच्या कंत्राटदाराने गच्चीवर फेरी मारली आणि पॅनेलं कामातून गेली म्हणून सांगितलं. सगळी बदलायचं अंदाजपत्रक साडेचार लाखांचं. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस निघायच्या बेतात होती. तोवर जिन्यात वेगळंच सुरू झालं होतं. वरचे म्हणायचे खालचे बादल्यांवर बादल्या भरतात, खालचे म्हणायचे वरचे शॉवरखाली अर्धा अर्धा तास उभे राहतात. पंचवीस वर्षं एकमेकांच्या घरी गणपतीला जाणारी माणसं लिफ्टमध्ये मान फिरवायला लागली. साडेचार लाख काय, जमवले असते. हे कुठून भरून आणणार?

मी दहा वाजता मिळतो तसला साधा थर्मामीटर घेऊन नव्हे, सकाळी सात वाजता गच्चीवर गेलो, कारण दुखणं सकाळचं होतं. टाकीच्या तोंडाशी ५८ अंश. त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या एका घरात नळाला ३८. पॅनेलं निकामी असती तर टाकीतच ५८ आले नसते. मग वाटेत २० अंश जातात कुठे? इन्सुलेशन फाटलंय, असं प्लंबरचं म्हणणं. पण वाहत्या पाण्यातले २० अंश एक-दोन मजल्यांच्या पाइपात हवेने जात नाहीत. तेवढी उष्णता बाहेर पडत असती तर डक्टमध्ये हात घालवला नसता. पाणी एवढं एकदम गार होतं ते एकाच कारणाने, त्यात गार पाणी मिसळलं तर. पण गरम लाइनीत गार पाणी येणार कुठून?

याची एक परीक्षा आहे, अगदी सोपी, आणि घरच्या घरीही करता येते. गरम पाण्याच्या टाकीचा कॉक पूर्ण बंद करायचा, परतीच्या पाइपाचाही. मग कुठल्याही घरातला गरम नळ उघडायचा. लाइनीत उरलेलं पाणी पडून गेलं की नळ कोरडा पडला पाहिजे. कोरडा न पडता वाहतच राहिला, तर समजायचं की कुठून तरी गार लाइनीचं पाणी गरम लाइनीत घुसतंय. प्लंबरला दुपारची वेळ सोयीची. त्याने दुपारी करून बघितलं, नळ कोरडा पडला, तो म्हणाला सगळं व्यवस्थित. दुपारी दुखणंच नसतं, तेव्हा तपासून काय सापडणार? मग "उद्या सकाळी ७ ते ८ गरम पाणी बंद राहील" अशी नोटीस लावली. तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलने काय लिहिलं होतं ते इथे सांगण्यासारखं नाही. असो. सकाळी कॉक बंद केला आणि दहा-पंधरा मिनिटांनीही नळ वाहतच होता. मग डक्टमधून एकेका घराचा गरम पाण्याचा कॉक बंद करत गेलो. एका घराचा कॉक फिरवला आणि नळाची धार तुटली.

त्या घरात काय होतं? बाथरूमचं नवीन काम केलेलं. मिक्सरला हँड शॉवर, त्याला दाबायचा खटका. ही मंडळी मिक्सरच्या गरम आणि गार दोन्ही चाव्या उघड्या ठेवून खटक्याने पाणी चालू-बंद करायची. खटका बंद असला की पाण्याला बाहेरची वाट नाही, पण मिक्सरच्या पोटात गरम आणि गार लाइन एकमेकींना उघड्याच. दोन्हीकडे दाब सारखा असता तर फारसं बिघडलं नसतं. पण वरच्या मजल्यावर दाब कमी म्हणून त्यांनी गार पाण्याला छोटा प्रेशर पंप बसवला होता, आणि तो ते सकाळीच चालू ठेवायचे. त्या पंपाचा जोर गरम लाइनीत उलटा शिरून सगळ्या विंगच्या आंघोळीत गार पाणी मिसळत होता. वरच्यांना जास्त आणि सकाळीच का, त्याचं उत्तरही त्यातच आलं.

त्या घराचा नंबर मी तेव्हाही सभेत सांगितला नाही, आजही सांगणार नाही. दोष त्यांचा नव्हताच. पंप बसवताना गरम-गार दोन्ही पाइपांना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालायचे असतात, ते घातले नाहीत. पितळी दोन व्हॉल्व्ह, मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं. पॅनेलं तीच आहेत, अजून तापतात. ज्यांच्या घरी नवीन बाथरूम करायचं चाललं आहे त्यांनी टाइल्सच्या रंगाइतकंच या व्हॉल्व्हबद्दलही कंत्राटदाराला विचारावं, ही विनंती.

घरातल्या विजेच्या गिझरबद्दल थोडं. आधी घड्याळ लावा. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गिझर २५ वरून ६० अंशांवर जायला साधारण १८-२० मिनिटं घेतो, २५ लिटरचा अर्धा तास. दुप्पट वेळ लागत असेल तर हीटर तपासून घ्या, त्यावर क्षाराचा थरही असू शकतो. टँकरचं पाणी आपण उन्हाळ्यात घेतोच. चटकन दिवा विझतो आणि पाणी कोमट, तर थर्मोस्टॅट. काहीच पेटत नाही, तर गिझर उघडण्याआधी एमसीबी आणि सोळा अँपियरचा प्लग बघा. प्लग काळवंडलेला किंवा हाताला चटका देणारा असेल तर आजचं पाणी गॅसवर तापवा, गिझर लावू नका. पाणी उकळल्यासारखं येऊन मग गिझर पूर्ण बंद पडला, तर थर्मोस्टॅट चिकटलाय आणि सुरक्षेचा कटआउट उडालाय. त्याचं बटण आहे, ते दाबलं की गिझर पुन्हा चालू होतो, म्हणून काही जण रोज दाबतात. तो कटआउट तुम्हाला वाचवतोय, त्याला रोज गप्प कशाला करता? ईएलसीबी उडत असेल किंवा नळाला झिणझिण्या येत असतील तर एलिमेंटमधून करंट पाण्यात उतरतोय. ईएलसीबी काढून थेट वायर जोडून देणारे इलेक्ट्रिशियन असतात. त्यांना दारातूनच परत पाठवा.

एक मात्र बिघाड नाही, आणि सगळ्यात जास्त "दुरुस्त" तोच केला जातो. गिझर तापताना त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी ६० अंशांवर जाताना जवळजवळ एक पेलाभर वाढतं. नळ बंद, खाली नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग ते पाणी जाणार कुठे? म्हणून व्हॉल्व्ह ते बाहेर सोडतो. गळती समजून तिथे डमी ठोकली की टाकीच्या पत्र्यावर रोज ताण, आणि ज्या दिवशी थर्मोस्टॅटही चिकटेल त्या दिवशी टाकी फुटायची वेळ. थेंबांखाली छोटी नळी लावा, ती मोरीत सोडा. गिझर बंद असतानाही दिवसभर धार लागली असेल तरच व्हॉल्व्ह बदला.

मागच्या थंडीत मुलीकडे इंग्लंडला होतो. तिथे एकाच बॉयलरवर नळाचं पाणी आणि खोल्यांचे रेडिएटर असं दोन्ही चालतं. एका सकाळी रेडिएटर थंडगार, नळाला मात्र कडकडीत पाणी. जावई बॉयलर बदलायच्या गोष्टी करायला लागले. नळाला पाणी येतंय म्हणजे बॉयलर जिवंत आहे, अडलंय ते पाणी रेडिएटरकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हपाशी. तो छोट्या मोटरवर फिरतो. पाइपाला हात लावून बघितला, व्हॉल्व्हच्या अलीकडे गरम, पलीकडे गार. मोटर अडकली होती. बॉयलरला मात्र आम्ही कोणी हात लावला नाही. तिथे गॅसच्या कामाला नोंदणी झालेलाच माणूस लागतो, तसा कायदा आहे. त्या घरात आणखी एक गोष्ट बघितली. भिंतीवर बशीएवढी एक पांढरी डबी. विचारलं तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म.

तो अलार्म बघितल्यापासून मला आपल्याकडचे गॅस गिझर खुपतात, आणि आज हा विषय मी मुख्यतः त्यासाठी घेतला. गॅस गिझर पेटत नाही ही तक्रार साधी आहे. दोन सेल बदला, नाहीतर पाण्याला दाब कमी आहे. वरच्या मजल्यांवर तेच असतं, कारण पाण्याच्या जोराशिवाय त्याचा गॅस उघडतच नाही. धोका पेटत नाही त्यात नाही, बंद बाथरूममध्ये व्यवस्थित पेटतो त्यात आहे. ज्योत खोलीतली हवा खाते. डिसेंबरात गारठ्यामुळे खिडकी लावलेली, दार लावलेलं. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी काढायला हात वर जात नाही. दर हिवाळ्यात अशी बातमी वर्तमानपत्रात येते, बहुतेक वेळा तरुण माणसाची, "बाथरूममध्ये चक्कर येऊन" अशी.

या बिघाडाला मी सांगितलेली पद्धत चालत नाही. इथे प्रश्न विचारत बसायचं नाही. ज्योत निळी नसून पिवळी आहे, वर काजळी दिसते आहे, आंघोळीनंतर डोकं दुखतं आहे, यातलं काहीही असलं तर गिझर त्याच दिवशी बंद. आत कोणी आहे आणि हाकेला ओ देत नाही, तर दार तोडा. गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. आपल्या तीन विंगमध्ये अजून पाच घरांत गॅस गिझर बाथरूमच्या आत आहेत. ते ड्राय बाल्कनीत हलवायचा ठराव गेल्या वार्षिक सभेत मंजूर झाला आहे. पाइपांचा खर्च दुरुस्ती निधीतून देण्याला कमिटीने मान्यता दिलेली आहे. पाचपैकी दोघांनी अर्ज दिले. उरलेल्या तिघांकडे मी या आठवड्यात स्वतः येणार आहे, चहा ठेवा.

आणि प्रत्येक विंगच्या गच्चीच्या दाराशी आता एक वही टांगलेली आहे. तक्रार असेल तर तिच्यात फ्लॅट नंबर, वेळ, पाणी गार, कोमट की उशिरा, एवढं लिहा. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते. ज्यांना टायमर आणि कंट्रोलर बघायचे आहेत त्यांनी वडे झाल्यावर माझ्याबरोबर वर यावं. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते, पुढचा एक जिना चढावा लागेल.